तोफखान्यातून रसायनशाळेत: एका सरकारी वाटेचा इतिहास

आजचा धागा लांब आहे आणि नेहमीसारखा लढायांचा नाही. त्यात आम्ल आहे, कॉर्डाइट आहे, एक मातीची तोटी आहे आणि सरकारी नियमावली आहे. तरीही शेवटपर्यंत यावे, ही विनंती.

गेल्या वर्षी माझा मामेभाऊ १७ वर्षांची सेवा संपवून सैन्यातून घरी परतला. वय ३६. सेवेचा बहुतेक काळ त्याने दारूगोळ्याच्या भांडारांत काढला. बंदुकीत वा तोफेत गोळा पुढे ढकलणारी जी दारू असते, ती पडून राहिली की आतल्या आत हळूहळू विघटित होते, तापते, आणि वेळीच ओळखली नाही तर स्वतःहून पेट घेते. कोणत्या खेपेचा माल जुना झाला, कोणता नमुना तपासणीला पाठवायचा, कोणता साठा दुसऱ्यापासून दूर हलवायचा, हे त्याने वर्षानुवर्षे केले. घरी आल्यावर त्याला एकच गोष्ट हवी होती: याच विषयातली, रसायन अभियंत्याची सरकारी नोकरी. त्याला मिळालेला पहिला प्रस्ताव एका आवाराच्या पहारेकऱ्यांवर देखरेख करण्याचा होता.

त्या रात्री जेवताना त्याने मला विचारले, "तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, आमच्यासारखा कोणी या वाटेने आधी गेलाय का?"

मी लगेच "हो" म्हणाले. नंतर पुस्तके उघडून बसले, तेव्हा लक्षात आले की माझा "हो" खरा असला तरी अपुरा होता. या वाटेने सैनिक गेले होते, एवढेच नव्हे, तर ही वाट सैनिकांनीच पाडली होती. पण कोणत्या सैनिकांनी, आणि कोणाला त्या वाटेवर पाऊलही टाकू दिले गेले नाही, हा प्रश्न उरतोच. हा धागा त्या अपुऱ्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आरंभ लखनौपासून करू. १८५८ साली लखनौ परत घेणाऱ्या ब्रिटिश फौजेत रॉयल आर्टिलरीचा व्हिव्हियन डेरिंग मजेंडी नावाचा विशी नुकतीच ओलांडलेला अधिकारी होता. त्याआधी तो क्रिमियाच्या युद्धात लढला होता. लखनौच्या अनुभवांवर त्याने १८५९ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बंदी सैनिकांवर झालेल्या क्रौर्याची वर्णने आहेत; ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. १८५७ च्या संदर्भात हे नाव तुमच्यापैकी काहींच्या वाचनात आले असेल. त्याचे पुढे काय झाले, ते मात्र १८५७ च्या पुस्तकांत सापडत नाही.

झाले असे की १८६१ साली मजेंडीची नेमणूक वूलविचच्या रॉयल लॅबोरेटरीत झाली. नावात 'लॅबोरेटरी' असली तरी तो प्रत्यक्षात दारूगोळ्याचा सरकारी कारखाना होता. तेथे त्याने दहा वर्षे काढली. १८७१ साली सरकारने त्याला दारूच्या कारखान्यांचा निरीक्षक नेमले आणि पुढे स्फोटकांचा मुख्य निरीक्षक म्हणून १८९८ साली मृत्यू येईपर्यंत तो त्याच खात्यात राहिला. तलवार खाली ठेवून नोंदवही हाती घेतलेला हा सैनिक.

२ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे लंडनच्या रीजंट्स पार्कलगतच्या कालव्यातून 'टिलबरी' नावाची नाव चालली होती. तिच्यात सुमारे ५ टन बंदुकीची दारू होती आणि सोबत पेट्रोलियमही. पेट्रोलियमच्या वाफेला ठिणगी लागली. नाव, नावेवरची माणसे आणि वरचा मॅकल्सफील्ड पूल एका क्षणात नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी, १८७५ साली, ब्रिटनचा स्फोटकांचा कायदा झाला. या कायद्यामागे मजेंडीचे काम मोठे आहे. कारखान्यातल्या एका इमारतीत किती माल असावा, दोन इमारतींत किती अंतर असावे, कोणता माल कोणत्या मालासोबत न्यायचा नाही, पायांत कोणते जोडे असावेत, या रूक्ष वाटणाऱ्या कलमांनी किती जीव वाचवले, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. न झालेल्या स्फोटांची दप्तरे नसतात.

हिंदुस्थानात १८८४ साली तसाच कायदा आला आणि १८९८ साली स्फोटकांचे निरीक्षण करणारे स्वतंत्र खाते उभे राहिले. आज त्याचे नाव पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजेच 'पेसो', आणि मुख्यालय आपल्या नागपुरात. पेट्रोल पंपापासून फटाक्यांच्या कारखान्यापर्यंत परवान्याचे जे कागद हलतात, ते तेथून. नागपूरच्या कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता ७० वर्षे पुढे या. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. 'फोर्ट स्टायकिन' जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कराचीहून भरलेला कापूसही होता. पेटणारा माल आणि फुटणारा माल पुन्हा एकत्र, 'टिलबरी'वर होता तसाच. युद्धाच्या घाईत एरवीचे निर्बंध सैल झाले होते. कापसाला आग लागली, आणि त्यानंतर मुंबईचे काय झाले, हे तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. ६६ अग्निशामक जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. रसायन अभियंत्याची सरकारी नोकरी म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर मी हीच दोन जहाजे दाखवीन. कापूस आणि दारू एका जहाजात जाऊ नये, एवढ्यासाठी कोणीतरी पगार घेऊन बसलेले असते. त्या माणसाचे ऐकले जाणे, हे तितकेच महत्त्वाचे.

मजेंडी कायद्याचा माणूस. त्याला रसायन अभियंता म्हणणे थोडे ओढूनताणून होईल. खरा रसायन अभियंता म्हणावा असा सैनिक त्याच्या पुढच्या पिढीत सापडतो: फ्रेडरिक नेथन. जन्म १८६१, लंडनच्या ज्यू कुटुंबात. १८७९ साली रॉयल आर्टिलरीत अधिकारी. १८९२ साली वॉल्थम ॲबीच्या सरकारी दारू कारखान्यात साहाय्यक अधीक्षक आणि १९०० ते १९०९ या काळात अधीक्षक.

वॉल्थम ॲबीबद्दल दोन शब्द, कारण आपल्या इतिहासाशी त्याचे नाते आहे. लंडनच्या उत्तरेस ली नदीकाठचा हा कारखाना ब्रिटिश सरकारने १७८७ साली विकत घेतला. तो घ्यावा म्हणून ज्याने आग्रह धरला, तो थोरला विल्यम काँग्रीव्ह, तोही तोफखान्याचाच अधिकारी. म्हैसूरच्या अग्निबाणांवरून ब्रिटिश रॉकेट घडवणारा काँग्रीव्ह हा त्याचा मुलगा. कारखान्याला लागणारा सोरा मोठ्या प्रमाणात बिहारमधून जाई. तो मातीतून काढण्याची विद्या पिढ्यानपिढ्या जपणारे नोनिया कारागीर या साऱ्या साखळीचे पहिले रसायनतज्ज्ञ होते. त्यांना मात्र कोणी अधीक्षक केले नाही.

नेथन आला तेव्हा काळी दारू मागे पडत होती. १८८९ साली फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर यांनी कॉर्डाइट तयार केले होते: नायट्रोग्लिसरीन ५८ भाग, गनकॉटन ३७ भाग, व्हॅसलिन ५ भाग. ही तिन्ही ॲसिटोनच्या साह्याने मळून शेवयांसारखी तार काढायची. या दारूने धूर कमी होई आणि मारा लांब जाई, पण तिच्या उष्णतेने तोफांच्या नळ्या झिजत. पुढे नायट्रोग्लिसरीन ३० भागांवर आणून ही झीज कमी करण्यात आली. नळीची झीज पाहणारा तोफची आणि पदार्थांचे प्रमाण बदलणारा रसायनज्ञ यांच्यात इतके जवळचे नाते होते, हे येथे ध्यानात घ्या.

आता ती तोटी. नायट्रोग्लिसरीन करताना नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या थंड मिश्रणात ग्लिसरीन बारीक धारेने सोडतात. तापमान जरा वर गेले, तांबूस वाफा दिसू लागल्या, की सारा घाणा पाण्यात बुडवून टाकायचा आणि पळायचे. हे सुरळीत पार पडले, तर नायट्रोग्लिसरीन आम्लावर तेलासारखे तरंगते. जुन्या पद्धतीत ते वेगळे करण्यासाठी भाजलेल्या मातीच्या तोट्या उघडून एका भांड्यातून दुसऱ्यात सोडत. तोटी फिरवणे म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे मृत्यूशी रोजची गाठ. तोटीच्या फटीत राहिलेला एक थेंबही पुरे.

१९०१ च्या सुमारास नेथन, थॉमसन आणि रिंटूल या तिघांनी यावर काढलेला उपाय अतिशय साधा आहे. तोट्यांतून नायट्रोग्लिसरीन खाली सोडायचेच नाही. भांड्याच्या तळातून आधीच्या घाण्याचे वापरलेले आम्ल हळूहळू आत घ्यायचे. आम्ल जड, ते खाली राहते. वरचे नायट्रोग्लिसरीन उचलले जाते आणि काठावरच्या पन्हळीतून आपोआप वाहून धुण्याच्या टाकीत जाते. दुधावरची साय चमच्याने न काढता खालून पाणी भरून उतू घालवावी, तसे काहीसे. (दुधाच्या बाबतीत हे करू नये.) नायट्रोग्लिसरीनच्या वाटेतली तोटी नाहीशी झाली. मला या उपायाचे सौंदर्य कितीतरी लढायांच्या व्यूहरचनांपेक्षा अधिक भावले. येथे 'रसायन' नवे काहीच नाही. तेच आम्ल, तेच ग्लिसरीन. नवे आहे ते माल कोठून कोठे आणि कसा जावा, याचे भान. रसायनशास्त्र आणि रसायन अभियांत्रिकी यांतला फरक समजावून सांगण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

१९०९ साली नेथन सरकारी कारखाना सोडून नोबेल कंपनीच्या आर्डीर येथील स्फोटकांच्या कारखान्यात गेला. वॉल्थम ॲबीत असेपर्यंत तो सेवेतला अधिकारी होता, हे नोंदवले पाहिजे. सेवा संपवून सरकारात परत येणे घडले ते पहिल्या महायुद्धात. नौदलाच्या होल्टन हीथ येथील कॉर्डाइट कारखान्याच्या उभारणीशी त्याचा निकटचा संबंध होता. १९१५ नंतर युद्धसामग्री मंत्रालयात तो प्रणोदक दारूच्या पुरवठ्याचा संचालक झाला. ॲसिटोन लाकडापासून मिळे आणि त्याचा तुटवडा पडला. मक्यापासून जिवाणूंच्या मदतीने ॲसिटोन करणाऱ्या खाइम वाइझमनला नौदलाकडे आणण्यातही नेथनचा हात होता. तोच वाइझमन पुढे इस्रायलचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. युद्धानंतर नेथन सरकारच्या इंधन संशोधनात अल्कोहोलचा इंधन म्हणून वापर या विषयावर काम करीत राहिला. १९२२ साली ब्रिटनमध्ये रसायन अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. तिचा दुसरा अध्यक्ष, १९२५ ते १९२७, कर्नल सर फ्रेडरिक नेथन.

म्हणजे जी संस्था "रसायन अभियंता कोणाला म्हणावे" हे ठरवू लागली, तिच्या दुसऱ्याच अध्यक्षाने आयुष्याची सुरुवात तोफखान्यात केली होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत विज्ञान विद्यापीठात जन्मते आणि मग कारखान्यात "लागू" होते. या व्यवसायाची सरकारी शाखा तरी उलट्या दिशेने आली आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "पाहा, सैनिकी शिस्तीचा हा विजय!" निवृत्त सैनिकांच्या सत्कारसमारंभांत हे वाक्य हमखास ऐकू येते. मला ते मान्य नाही. शिस्त मजेंडीच्या तुकडीतल्या प्रत्येक शिपायाजवळ होती. वॉल्थम ॲबीच्या घाण्यापाशी तासन्‌तास तापमापकावर डोळा ठेवून उभ्या राहणाऱ्या कामगाराजवळ ती बहुधा अधीक्षकापेक्षा जास्त होती. या अधिकाऱ्यांना वेगळे करणारी गोष्ट दुसरी होती. वूलविचच्या रॉयल मिलिटरी ॲकॅडमीत तोफखान्याच्या भावी अधिकाऱ्यांना रसायनशास्त्र शिकवले जाई. तेथे १८३० पासून १८५१ पर्यंत शिकवायला कोण होते? मायकेल फॅरडे. त्याच्यानंतर १८५२ साली आला तो एबल, पुढे कॉर्डाइट करणारा. सैन्यात जाणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसमोर राज्याने आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ प्रयोगकर्ता उभा केला. नंतर त्यांना प्रयोगशाळेत आणि कारखान्यात वर्षानुवर्षे शिकू दिले, चुका करू दिल्या, त्या काळात पगारही दिला. वाट निघाली ती शाळेतून.

आणि ती शाळा कोणासाठी होती, याचे उत्तर पुन्हा लखनौकडे नेते.

१८५७ च्या आधी कंपनीच्या सैन्यात हिंदी गोलंदाज होते, आणि ते नावाजलेले होते. १८२७ साली मुंबईच्या गोलंदाजांमधून उभी राहिलेली तुकडी आजच्या भारतीय तोफखान्याची सर्वांत जुनी तुकडी मानली जाते. २८ सप्टेंबर हा गनर्स डे तिच्यामुळेच. उठावात या गोलंदाजांनी तोफा किती अचूक चालवल्या, हे इंग्रजांनी समोरून पाहिले. परिणामी उठाव मोडल्यावर तोफखाना हिंदी हातांतून काढून घेण्यात आला. थोडे पहाडी तोफखाने काय ते उरले. मजेंडी लखनौहून परतून प्रयोगशाळेकडे निघाला, त्याच काळात त्याच्या समोरच्या बाजूच्या गोलंदाजापुरती ती वाट मुळापासून उखडली गेली. तोफ नाही म्हणजे वूलविच नाही. वूलविच नाही म्हणजे रसायनशास्त्र नाही.

खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. निलगिरीत अरुवनकाडूला विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला. हिंदी हात तेथे राबत होते, पण अधिकारपदे साहेबाची. वूलविचची दारे हिंदी तरुणांना उघडावीत, ही शिफारस स्कीन समितीने केली ती १९२६ च्या सुमारास, आणि हिंदी तोफखान्याची पहिली मैदानी ब्रिगेड उभी राहिली १९३५ साली. मधली जवळजवळ ऐंशी वर्षे कोरी आहेत. या ऐंशी वर्षांत एखादा नेथन साताऱ्यात वा रत्नागिरीत जन्मला नसेल, असे कोण म्हणेल?

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे रसायन अभियांत्रिकी विद्यापीठाच्या दाराने आली, पलटणीच्या दाराने नव्हे. त्या विभागाने देशाला काय दिले, यावर स्वतंत्र धागा होईल. पण त्या वेगळ्या प्रवेशद्वाराचा एक परिणाम असा झाला की दारूगोळा हाताळणारा सैनिक आणि दारूगोळ्याचे रसायन जाणणारा अभियंता ही दोन निरनिराळी माणसे आहेत, असे आपण गृहीत धरले. स्वातंत्र्यानंतरही तेच गृहीत चालत आले.

आजची नियमावली पाहा. केंद्र सरकारच्या 'क' गटातील थेट भरतीत माजी सैनिकांसाठी १० टक्के जागा राखीव आहेत. अभियंत्यांच्या मुख्य जागा ज्या 'अ' आणि 'ब' गटांत येतात, तेथे निमलष्करी दलांतील काही पदे सोडली, तर आरक्षण नाही; वयाच्या अटीत सवलत आहे. पंधरा वर्षे सेवा झालेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकाला 'क' गटातील राखीव जागांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा मानता येते, ही तरतूदही आहे. वाचायला उदार वाटते. पण तिच्यातच अट आहे: ज्या पदाला तांत्रिक वा व्यावसायिक स्वरूपाचा अनुभव अनिवार्य नाही, अशाच पदासाठी ही बरोबरी. म्हणजे ज्याने १७ वर्षे दारूची खेप सांभाळली, तो कारकुनीसाठी पदवीधर ठरतो, आणि ज्या विषयाला आयुष्य दिले, नेमका त्याच विषयासाठी ठरत नाही.

शिवाय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार या चारच शाखा आहेत. रसायन अभियंत्याला सरकारात जायचे तर पेसो, डीआरडीओ, प्रदूषण नियंत्रण मंडळे, खतांचे आणि तेलाचे सार्वजनिक उपक्रम, दारूगोळ्याचे कारखाने अशा सुट्या सुट्या दारांवर थाप मारत फिरावे लागते. जुने आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी संपले आणि त्याच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी, म्युनिशन्स इंडिया, हिचे मुख्यालय पुण्यात आहे. खडकी, भंडारा, भद्रावती ही नावे ज्यांच्या घरांत रोज घेतली जातात, त्यांना हे सांगायला नको. दारूगोळ्याची इतकी कामे एका राज्यात, आणि त्याच राज्यात गावोगाव माजी सैनिक. या दोहोंमध्ये पूल नाही.

"स्फोटकांचे काम आहे, अर्धवट शिकलेल्याच्या हाती कसे द्यायचे?" हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. मी 'टिलबरी' आणि 'फोर्ट स्टायकिन' उगाच सांगितली नाहीत. सेवेतला अनुभव म्हणजे पदवी नव्हे. खेप ओळखता येणे वेगळे आणि ती का बिघडते याचे समीकरण मांडता येणे वेगळे. म्हणूनच अट शिथिल करा, असे मी म्हणत नाही. अट पूर्ण करण्याची सोय करा, एवढेच म्हणते. सेवेच्या शेवटच्या तीन वर्षांत अशा तांत्रिक जवानाला रसायन अभियांत्रिकीच्या पदविकेसाठी पूर्ण पगारावर पाठवता येईल. सैन्यात झालेल्या प्रशिक्षणाचे गुणांक त्या पदविकेत धरता येतील. पेसोसारख्या खात्यात त्यांच्यासाठी उमेदवारीच्या जागा ठेवता येतील. वूलविचने आपल्या मुलांसाठी जे केले, त्यापेक्षा हे फार कमी आहे.

खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांनी अमेरिका पाहावी. मुंबईत गोदी जळाली त्याच वर्षी, २२ जून १९४४ रोजी, तेथे माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. त्या आधाराने सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. १९४७ साली तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत जवळपास निम्मे माजी सैनिक होते. त्यांतले कितीतरी अभियंते झाले. त्या कायद्याचेही सर्व काही गोरेगोमटे नव्हते. किंबहुना फारच गोरे होते. कृष्णवर्णीय सैनिकांना अनेक राज्यांत त्याचा लाभ नावापुरताच मिळाला. प्रत्येक वेळी प्रश्न तोच येतो: शाळा उघडली का, आणि कोणाला उघडली?

अग्निवीर योजनेमुळे हा प्रश्न आता आणखी जवळ आला आहे. चार वर्षांनी चारांतले तीन तरुण बाहेर येतील, तेही पंचविशीच्या आत. त्यांच्यासाठी निमलष्करी दलांत, संरक्षण खात्यातील मुलकी जागांत आणि संरक्षण क्षेत्रातील सार्वजनिक उपक्रमांत १० टक्के आरक्षणाची घोषणा २०२२ साली झाली होती. त्या जागा पहाऱ्याच्या असतील की प्रयोगशाळेच्या, हे आरक्षणाच्या टक्क्यावर ठरणार नाही. त्या चार वर्षांत त्यांना काय शिकवले, यावर ठरेल. आणि ज्या वयात वूलविचची मुले फॅरडेसमोर बसत, जवळपास त्याच वयात आपण या मुलांना भरती करतो आहोत.

असो. माझ्या भावाने त्या देखरेखीच्या नोकरीला नकार दिला. तो आता एका तंत्रनिकेतनात रसायन अभियांत्रिकीची पदविका करतो आहे. वर्गातली मुले त्याच्यापेक्षा अठरा-वीस वर्षांनी लहान. पहिले काही दिवस ती त्याला शिक्षक समजून उठून उभी राहत. निवृत्तिवेतनात घर आणि शुल्क दोन्ही भागवायचे, म्हणून वहिनी शिवणकाम करतात. पदविका हाती येईल तेव्हा तो चाळिशीला टेकलेला असेल. त्या वयात कोणते सरकारी दार उघडे असेल, याचा हिशेब तो दर महिन्याला जाहिरातींची कात्रणे लावून करतो.

या धाग्यासाठी टिपणे काढताना मी त्याला नेथनच्या भांड्याची आकृती मोबाइलवर पाठवली आणि त्या साध्या उपायाचे भरभरून कौतुक लिहिले. दोन तासांनी उत्तर आले. "तायडे, वरची तोटी गेली ते छान. पण तळातून आम्ल आत घ्यायला खाली एक तोटी लागतेच ना? ती किती हळू उघडायची, हे कोणाच्या हातात होते?"

ते कामगारांच्या हातात होते, आणि पेटंटवर नावे तिघांचीच आहेत, असे मी त्याला कळवले. त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवला. सोमवारी त्याचा द्रवांच्या प्रवाहाचा पेपर आहे.